देव्हारा घरी, नेम सोबत

प्रश्न: मे महिन्याच्या शेवटी आम्ही सहा जण बारा दिवसांसाठी पॅरिस आणि स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेन, लुसर्नला जातोय. सासरे माळकरी आहेत, वय ७२. एकादशी आणि संध्याकाळचा हरिपाठ त्यांनी कधी चुकवलेला नाही. सासूबाईंची संकष्टी असते, त्या कांदा-लसूण खात नाहीत आणि त्यांना शुगर आहे. त्यांच्या सासूबाईंकडून आलेला पितळी बाळकृष्ण त्यांना सोबत न्यायचा आहे. संकष्टी दुसऱ्याच दिवशी पॅरिसला येते आणि एकादशी लुसर्नला. माझा पंधरा वर्षांचा मुलगा विचारतो, ‘आपण फिरायला चाललोय की देवदेव करायला?’ यजमान म्हणतात, ‘तिथे गेल्यावर बघू.’ शिवाय माझी पाळी नेमकी संकष्टीच्या आसपास आहे. पुढे ढकलायची गोळी घेऊ का?
– एक सून, प्रतापनगर, नागपूर

ताई, ‘तिथे गेल्यावर बघू’ हे वाक्य आधी घरातून काढून टाका. परदेशात नेम मोडतात त्यातले बहुतेक नागपुरातच मोडलेले असतात. बॅग भरताना, तिकिटाबरोबर जेवण निवडताना आणि कोणी काहीच ठरवलं नाही म्हणून.

येत्या रविवारी सासू-सासऱ्यांना समोर बसवून एवढंच विचारा: कोणता नेम पूर्ण पाळायचा, कोणता थोडक्यात करायचा, आणि कोणता बारा दिवस घरी कोणाकडे सोपवायचा? निर्णय त्यांचा असू द्या, कारण नेम त्यांचे आहेत. व्यवस्था मात्र तुमच्या एकटीची नाही, यजमानांनी त्यातला अर्धा वाटा उचलायचा आहे. माझं मत विचाराल तर तीन गोष्टी सोबत न्या: हरिपाठ, दोन्ही उपवास आणि सकाळची दहा मिनिटांची पूजा. सगळा देव्हारा न्यायला जाल तर एकही गोष्ट धड होणार नाही, आणि रोज संध्याकाळी कोणीतरी रुसलेलं असेल.

आता बाळकृष्ण. आजेसासूबाईंकडून आलेला, म्हणजे तो नक्की किती जुना आहे हे आधी विचारा. शंभर किंवा त्याहून अधिक वर्षांची मूर्ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पुन्हा घरी आणणार असलात तरी विमानतळावर अडचण येऊ शकते. वय नक्की सांगता येत नसेल तर मूळ मूर्ती नेऊच नका. इतवारीच्या भांडेबाजारात अंगठ्याएवढा नवा पितळी बाळकृष्ण मिळतो. जायच्या आठ दिवस आधी तो आणा, रोज मूळ मूर्तीशेजारी ठेवून त्याची पूजा करा. निघेपर्यंत तो सासूबाईंना परका राहणार नाही. मूर्तीला मोरपीस असेल तर ते काढून घरी ठेवा, मोरपिसांच्या निर्यातीला आपल्याकडे बंदी आहे. मूर्ती हातातल्या बॅगेत, छोट्या डबीत मऊ कापडात ठेवा. एक्स-रे यंत्रावर धातूचा गोळा दिसला की डबी उघडायला सांगतात. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा आणि डबी त्यांनाच उघडू द्या.

पूजेच्या साहित्यात सगळ्यात जास्त चुका होतात. कापूर ज्वलनशील म्हणून विमानात चालत नाही. काडेपेटी आणि लायटरही नाही. सुकं खोबरं तर हमखास अडतं. खोबऱ्याची वाटी ओटीच्या सामानात सहज पडते, पण त्यातल्या तेलामुळे ती धोकादायक मालात मोडते. तुपात भिजवलेल्या फुलवाती नकोत, कोरड्या चालतील. गंगाजलाचा गडू हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर जाऊ देत नाहीत, तो मोठ्या बॅगेत घट्ट बंद करून ठेवा. टाळही मोठ्याच बॅगेत.

हे झालं आपल्या बाजूचं. पॅरिसला उतरल्यावर युरोपीय संघाचे नियम लागतात. दूध आणि दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून आणायला प्रवाशांना बंदी आहे. तूप त्यातच येतं, पेढे येतात, मावा घातलेली आपली संत्रा बर्फीही येते. ताजी फुलं, दूर्वा, तुळशीची ताजी पानं, विड्याची पानं, कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे ते न्यायचं नाही. आंबेही नाहीत, मे महिना असला तरी. केळी, नारळ, खजूर, अननस यांना या प्रमाणपत्रातून सूट आहे. त्यामुळे नैवेद्याला खारीक-खजूर, खडीसाखर, बेदाणे आणि गुळातले राजगिऱ्याचे लाडू घ्या. बारा दिवसांना पाव किलो खडीसाखर आणि पंधरा-वीस लाडू भरपूर झाले. तुळशीची पानं सावलीत कडक वाळवून डबीत न्या. तुळस शिळी मानत नाहीत, वाळलेलं पान नैवेद्यावर चालतं.

तूप तिथे घरी कढवा. फ्रान्समध्ये बिनमिठाचं लोणी ‘बर दू’ या नावाने कुठल्याही दुकानात मिळतं. २५० ग्रॅमचा तुकडा जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, बेरी तांबूस झाली की गाळा. साधारण २०० ग्रॅम तूप निघतं, दोन उपवासांना आणि रोजच्या भातावर पुरेल.

विमानातल्या जेवणाबद्दल एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. बुकिंगमध्ये ‘हिंदू मील’ (एचएनएमएल) असा पर्याय दिसतो आणि आपली माणसं तोच निवडतात. ते जेवण शाकाहारी नसतं. गोमांस नसतं एवढंच, कोंबडी किंवा मटण असू शकतं. सासूबाईंसाठी जैन जेवण (व्हीजेएमएल) निवडा, त्यात कांदा-लसूण आणि कंद नसतात. सासऱ्यांना एशियन व्हेजिटेरियन (एव्हीएमएल) चालेल. उपवासाच्या दिवशी उड्डाण आलं तर फळांची थाळी (एफपीएमएल). हे निदान २४ तास आधी, शक्यतो ४८ तास आधी नोंदवा. दोह्याला विमान बदलणार असाल तर दोन्ही उड्डाणांना वेगवेगळं नोंदलं गेलंय का ते तपासा, कारण पुष्कळदा पहिल्यालाच नोंद होते. लाडू आणि दशम्यांचा डबा तरी हातातल्या बॅगेत हवाच.

राहायला स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतलं असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर निदान इंटरलाकेन आणि लुसर्नला बदलून घ्या. तिथल्या शेगड्या काचेच्या किंवा इंडक्शनच्या असतात. अॅल्युमिनियमचा कुकर आणि पितळी पातेलं इंडक्शनवर तापत नाही. घरातल्या फ्रिजवरचा चुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघा, घट्ट चिकटला तर ते भांडं न्या. लोखंडी तवा चालतो. फोडणी करताना खिडकी उघडी, पंखा चालू आणि स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा. लाल मिरचीचा ठसका छतावरच्या धूरसूचकाला (स्मोक अलार्मला) आगीसारखाच वाटतो.

याच कारणाने खोलीत उदबत्ती, निरांजन, धूप काहीही लावायचं नाही. सूचकावर रुमाल किंवा प्लास्टिक बांधण्याचा उद्योग तर मुळीच करू नका. तो गुन्हा धरला जाऊ शकतो, आणि अलार्म वाजून अग्निशमन दल आलं की खर्चही तुमच्याकडूनच घेतला जाऊ शकतो. पेन्सिल सेलवर चालणारा दिवा न्या. सासूबाईंना तो देवापुढे नको वाटला तर आग्रह करू नका. दिव्याशिवाय हळद-कुंकू, अक्षता, वाळलेली तुळस आणि खडीसाखर एवढ्याने पूजा होते, बाकीचं मानसपूजेने. पूजेचं तीर्थ कुंडीत घाला. निर्माल्य तळ्यात किंवा नदीत टाकू नका, ओल्या कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात टाका.

बाहेर खाताना शाकाहारी म्हणून समोर आलेल्या ताटातही अडचण असते. फ्रेंच कांद्याचं सूप बहुधा मांसाच्या रस्स्यात केलेलं असतं. ग्रुयेर आणि पार्मेजान चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. स्वित्झर्लंडच्या फॉन्ड्यूमध्ये, म्हणजे वितळवलेल्या चीजच्या पदार्थात, बहुधा ग्रुयेर असतं, वर पांढरी वाइन आणि बहुतेक वेळा चेरीची दारूही असते. माळकरी माणसाला हे खाल्ल्यावर कळलं तर त्याची सगळी सहल कडू होते, म्हणून आधीच सांगा. मुलांच्या जेली-गोळ्यांत आणि काही गोड पदार्थांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं. इंटरलाकेन आणि लुसर्नला जर्मन बोलतात, तिथे कार्डावर छापून न्या: ओने फ्लाईश (मांस नको), ओने फिश (मासे नकोत), ओने आय (अंडं नको), ओने त्स्वीबेल्न (कांदा नको), ओने क्नोब्लाउख (लसूण नको). वाढप्याला दाखवायचं कार्ड मात्र रोमन लिपीत, जर्मन स्पेलिंगने छापा, हे उच्चार तुमच्यासाठी. पाकिटबंद वस्तूंवर पिवळ्या वर्तुळातलं व्ही-लेबल दिसलं तर ती तिथल्या अर्थाने शाकाहारी आहे, अंडं मात्र असू शकतं. कांदा-लसणाबद्दल ते काहीच सांगत नाही.

संकष्टीचं नीट समजून घ्या, कारण खरी अडचण इथेच आहे. नागपुरात मे अखेरीला चतुर्थीचा चंद्र साधारण दहाच्या सुमारास उगवतो. पॅरिस बरंच उत्तरेला आहे आणि उन्हाळ्यात पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र तिथे फार खाली राहतो. त्यामुळे तो रात्री बारा-साडेबाराला, कधी त्याहून उशिरा उगवतो, आणि इमारतींच्या वर यायला आणखी वेळ लागतो. शुगर असलेल्या अडुसष्ट-सत्तरीच्या बाईने दिवसभर पॅरिस पायी फिरून तोवर उपाशी राहणं धोक्याचं आहे. पावसाळ्यात ढगांमुळे चंद्र दिसत नाही तेव्हा आपण पंचांगातली वेळ बघून उपवास सोडतोच. तोच आधार इथे घ्या: नागपूरच्या चंद्रोदयाला पॅरिसमध्ये संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, कारण उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे आहे. त्या वेळी घरच्या दिशेने, पूर्वेला तोंड करून अर्घ्य द्यावं आणि उपवास सोडावा. सासूबाईंचं मन मानत नसेल तर घरच्या गुरुजींशी त्यांचं फोनवर बोलणं करून द्या. तुमच्या तोंडून ऐकलं तर ती सवलत वाटेल, गुरुजींकडून ऐकलं तर मार्ग वाटेल.

त्या संध्याकाळसाठी जागाही आहे. पॅरिसच्या अठराव्या विभागात पाजोल रस्त्यावर श्री माणिक्क विनायकर आलयम् हे गणपतीचं मंदिर आहे, १९८५ साली सुरू झालेलं. ला शापेल मेट्रो स्थानकावरून चालत जाता येतं. पूजा तमिळ पद्धतीची असते. दाक्षिणात्य मंदिरांप्रमाणे दुपारी बंद राहू शकतं, म्हणून आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा. आसपास श्रीलंकन तमिळ लोकांची दुकानं आहेत, तिथे नारळ, फुलं, कढीपत्ता, तांदूळ मिळतात. बागेतल्या दूर्वा उपटण्यापेक्षा तिथलं लाल फूल घ्या. आयफेल टॉवर त्या दिवशी नको, तो दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल.

उपवासाचा शिधा इथूनच न्या: दोघांच्या एकेका उपवासाला आणि थोडं जादा धरून अर्धा किलो साबुदाणा, पाव किलो भगर, पाव किलो दाण्याचं कूट, पाव किलो राजगिऱ्याचं पीठ. बटाटे, दूध, केळी तिथे मिळतात. साबुदाणा आदल्या रात्रीच भिजवा, हॉटेलच्या खोलीतून निघताना भिजवाल तर खिचडी दगड होईल. सासूबाईंनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावं, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असेल तर, आणि वेळ साडेतीन तासांनी सरकल्यावर गोळ्या कधी घ्यायच्या हे लिहून आणावं. ग्लुकोमीटर आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेत हवं. साखर ७० च्या खाली गेली किंवा घाम-थरथर सुरू झाली तर उपवास तिथेच सोडायचा, १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हे संकष्टीच्या आधीच सगळ्यांसमोर ठरलेलं असू द्या, म्हणजे त्या क्षणी वाद होणार नाही.

एकादशीचं गणित वेगळं. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी लागते, पण उपवास सूर्योदयावर ठरतो आणि सूर्योदय प्रत्येक गावाचा वेगळा. समजा नागपुरात सकाळी ७ वाजता एकादशी लागली. मे अखेरीला नागपूरचा सूर्योदय साडेपाचच्या सुमारास, म्हणजे सूर्योदयाला दशमी होती. त्यामुळे नागपूरची एकादशी दुसऱ्या दिवशी. त्या क्षणी लुसर्नमध्ये पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि तिथलाही सूर्योदय स्थानिक घड्याळाने साडेपाचच्या आसपास होतो. तिथे सूर्य उगवताना एकादशी लागलेली असते, म्हणजे लुसर्नची एकादशी एक तारीख आधी. वारकरी भागवत एकादशी धरतात, त्यात सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी, अरुणोदयाला, दशमी उरलेली चालत नाही. त्यामुळे साध्या कॅलेंडरवर विसंबू नका. गावाचं नाव टाकून तिथी दाखवणारं पंचांग मोबाइलवर मिळतं, त्यात लुसर्न घाला. तारीख नागपूरशी जुळली तर प्रश्नच नाही. नाही जुळली तर सासऱ्यांना दोन्ही तारखा दाखवा आणि ते म्हणतील ती पाळा. माझा कल स्थानिक सूर्योदयाकडे आहे, कारण बारा दिवस माणूस तिथल्याच सूर्याखाली राहतो. पण आयुष्यभर घरच्या पंचांगाने चालणाऱ्याला नागपूरची तारीख धरावीशी वाटली तर त्यात काही चूक नाही. लुसर्नहून झुरिक रेल्वेने पाऊण-एक तासावर आहे. तिथे इस्कॉनचं कृष्णमंदिर आहे. ते स्थानिक तारखेने एकादशी करतात.

हरिपाठाला साहित्य लागत नाही, वेळ मात्र लागते. इंटरलाकेनला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. दिवेलागणीला म्हणून बसाल तर सगळे पेंगुळलेले असतील आणि दहाची वेळ जवळ येईल. स्वित्झर्लंडमध्ये रात्री दहापासून शांतता पाळावी लागते, शेजारी खरोखर तक्रार करतात. म्हणून घड्याळाने साडेसात धरा: फिरून आल्यावर, जेवणाआधी. टाळ हलक्या हाताने किंवा नुसत्या टाळ्या, खिडक्या बंद. रेल्वेत किंवा डोंगरावर अडकलात तर सासरे मनात म्हणतील, माळकऱ्याला ते नवीन नाही.

मुलाने विचारलं ते उर्मटपणे नाही विचारलं, आणि त्याला उत्तर म्हणून व्याख्यान नको. त्याच्याकडे पंचांगाचं काम द्या. प्रत्येक गावाचा सूर्योदय, चंद्रोदय, तिथी लागण्याचा क्षण आणि साडेतीन तासांचा फरक हे सगळं तो वहीत मांडेल आणि आजोबांना दाखवेल. आजोबांना त्यातलं पंचांग येतं, त्याला खगोल. हरिपाठाला बसायची सक्ती करू नका. त्या अर्ध्या तासात मोबाइल बाजूला, एवढी अट पुरे.

गोळीबद्दल: पूजेसाठी पाळी ढकलू नका. या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका काही बायकांत वाढतो आणि लांबच्या विमानप्रवासात तो मुळातच थोडा जास्त असतो. तरीही घ्यायचीच असेल तर औषधाच्या दुकानातून परस्पर नको. स्त्रीरोगतज्ज्ञांना वय, वजन, अर्धशिशी, घरात कोणाला गुठळीचा त्रास होता का, आणि विमानप्रवासाचे तास हे सगळं सांगून मगच. त्यापेक्षा सोपं आहे: त्या दिवशी पूजा आणि खिचडी यजमान करतील. सासूबाईंच्या घरात शिवाशिव पाळली जात असेल तर दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये ती पाळता येणार नाही, हे इथेच त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. देवाची डबी वेगळ्या कपाटात ठेवली, तिला सासूबाईंनीच हात लावला, एवढ्यावर बहुतेक घरं राजी होतात.

घरच्या देव्हाऱ्याचं सांगायचं राहिलं. रोज पूजा करणारं विश्वासाचं माणूस शेजारी असेल तर किल्ली त्यांच्याकडे द्या. नसेल तर निघायच्या सकाळी पूजा करून, प्रार्थना करून देव तांदळाच्या डब्यात ठेवा आणि परत आल्यावर अभिषेक करून देव्हाऱ्यात बसवा. ही रीत पुष्कळ घरांत आहे. तुळशीची मात्र सोय लागेलच. मे महिन्यात नागपूरचं ऊन ४५ अंशांच्या घरात असतं, गच्चीवरची कुंडी दोन-तीन दिवसांत वाळते. कुंडी पूर्वेच्या सावलीत हलवा, मातीवर वाळका पालापाचोळा दोन बोटं पसरा आणि एक दिवसाआड पाणी घालायला कोणाला तरी सांगून ठेवा. पाण्याच्या बाटलीतून सुताची वात कुंडीत सोडण्याची युक्ती चार-पाच दिवस चालते, बारा दिवस नाही.

विमानातल्या जेवणाची नोंद आणि डॉक्टरांची भेट ही दोन कामं याच आठवड्यात यजमानांकडे द्या, आणि बाळकृष्णाच्या वयाचा प्रश्न सासूबाईंना आजच विचारा.